बुधवार कोणाचा

सहाव्या पानावर वकीलबाई थांबल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दोन घोट पाणी घेतलं आणि पुन्हा वाचायला लागल्या. मसुदा अशिलासमोर मोठ्यानं वाचायचा ही त्यांची पद्धतच होती. "डोळे समजूतदार असतात, नको ते गाळून पुढे जातात. कानांना तेवढी अक्कल नसते," असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. त्यांच्या टेबलाला पुढून फळी नव्हती. खाली त्यांनी चपला काढून सुजलेले पाय एका पालथ्या टोपलीवर ठेवलेले दिसत, आणि वाचता वाचता उजव्या पायाचा अंगठा ताल धरत असे. ती समोर पर्स मांडीवर घेऊन त्या अंगठ्याकडे बघत बसली होती. दुपारचे तीन वाजले होते, पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून ठेवत होतं. पाच पानं झाली होती. पाच पानं तिचं लग्न एकेका क्रमांकाच्या परिच्छेदातून संथपणे तिच्या अंगावरून वाहत गेलं होतं, आणि ते शेजारच्या कुणाचं असावं इतपतच तिला लागलं होतं. मग ते वाक्य आलं. "सदर दिवशी प्रतिवादीने पाच वर्षे वयाच्या अज्ञान मुलीस पोहण्याच्या तलावावर एक तास दहा मिनिटे एकटीस सोडून दिले व त्यायोगे तिच्या जिवास धोका निर्माण केला."

हे वाक्य वाहून गेलं नाही. अंगठा पुढे निघून गेला, पंखा पुढे निघून गेला, वकीलबाईंचा आवाज सातव्या पानावर पोचला, आणि ती तिथेच राहिली.

"अज्ञान म्हणजे?" तिनं मधेच विचारलं.

"अठरा वर्षांखालची. कायद्याचा शब्द आहे, मनाला लावून घेऊ नका." वकीलबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "काय झालं? वेळ चुकली का? एक तास दहा मिनिटं तुम्हीच सांगितली होतीत."

"वेळ बरोबर आहे."

वकीलबाईंनी कागद खाली ठेवले. त्यांना वाटलं, हिला अजून हिशेब लागलेला नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा, न कंटाळता, मांडून दाखवला. घटस्फोट दोघांनाही हवाय. ते भांडणच नाही, दोघं सही कराल, ठरलेली मुदत जाईल आणि मिळून जाईल. मुलीच्या खर्चातला वाटा त्याला द्यावाच लागेल, ताबा कुणालाही मिळो. तो तुम्हाला मिळणारा बक्षिसाचा चेक नाही, तो पोरीचा हक्क आहे, आणि तुमच्या पगारातूनही तेवढाच तिचा आहे. राहता राहिला ताबा. "तो म्हणतो अर्धा आठवडा माझ्याकडे. तुम्ही म्हणता महिन्यातून दोन रविवार. आता न्यायाधीश काय बघणार? कोण जास्त रडलं ते नाही बघत. पोरीचं भलं कशात आहे ते बघतात. हा बाप शाळेत जातो, गृहपाठ घेतो, पीत नाही, हात उगारत नाही. असल्या बापाला दोन रविवारांवर आणून ठेवायचं तर भक्कम कारण लागतं. सहाव्या पानावरचा परिच्छेद हे आपलं कारण. बाकीची पानं म्हणजे नुसती भरताड." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. कोर्टाच्या समुपदेशक मुलीशी बोलतील. एकटीशी. तिथे खेळणी असतात, रंगीत खुर्च्या असतात, घाबरायचं काही नाही. "घरी नेऊन शांतपणे वाचा. गुरुवारी शपथपत्रावर सही करू."

ती जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा ऊन इतकं पांढरं होतं की समोरचा फुटपाथ तिला थोडा वर उचलल्यासारखा दिसला. लॅब तिथून चालत दहा मिनिटांवर. गादीवाल्याच्या दुकानावरचा पहिला मजला, दोन खोल्या, सगळीकडे प्लास्टरची पिठासारखी धूळ. तिथे ती गेली चौदा वर्षं कवळ्या घडवत होती. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत, ती त्यांच्यावरून साचे करी, मेणाची हिरडी बसवी, त्यात एकेक दात रोवी. तिच्या टेबलाच्या खणात सोळा छटांच्या दातांचा पट्टा होता. ज्याला आपण सगळे पांढरा म्हणतो तो रंग मुळात अस्तित्वातच नाही हे तिला त्या पट्ट्यानं शिकवलं होतं. त्या दिवशी ती खुर्चीत बसली, स्पिरिटचा दिवा पेटवला, सुरी तापवली आणि मेणात घातली, आणि मेणाचा तो गोडसर वास येताच अडीच वर्षांपूर्वीची ती दुपार तिच्या शेजारी येऊन बसली.

बुधवारच होता. सोमवारी आणि बुधवारी मुंगी शाळेतून परस्पर पोहायला जायची. मुंगी म्हणजे तिची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि सारखी हलायची, म्हणून तिच्या बाबानं ठेवलेलं नाव. साडेचारला तलावावरून आणायचं काम वाटून घेतलेलं. त्या बुधवारी दुपारी डॉक्टरांनी एका गृहस्थांना थेट लॅबवरच पाठवलं. निवृत्त निवेदक होते. चाळीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या, आणि आता नव्या कवळीतून 'स' म्हटला की शिट्टी वाजत होती. "मला जेवता नाही आलं तरी चालेल," ते म्हणाले, "पण हे काही मी ऐकून घेऊ शकत नाही." तिनं मेणाची चाचणीची कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि बोलायला सांगितलं. त्यांनी खिडकीतून खाली फुटपाथवर उभी दिसणारी गादीवाल्याची पाटीच वाचायला घेतली: सुखाची, स्वस्त, सरळ. शिट्टी. तिनं पुढचे दोन दात केसभर आत घेतले. पुन्हा पाटी. पुन्हा शिट्टी, पण जरा बारीक. टाळूच्या बाजूनं तिनं मेण किंचित खरवडलं, किंचित भरलं, पुन्हा खरवडलं. कुठेतरी हवेला जायला जागा चुकत होती आणि ती जागा तिच्या बोटांना शोधायची होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदा ते 'स' म्हणाले आणि तो नुसता 'स' आला, स्वच्छ, जमिनीवर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यासारखा स्थिर. म्हातारा थबकला. मग डोळे मिटून त्यानं कधी काळी वाचलेलं एक अख्खं बातमीपत्र पाठ म्हणायला सुरुवात केली. पूर आला होता, पूल वाहून गेला होता, सात हजार लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आलं होतं. ती हातात सुरी घेऊन ऐकत राहिली. इतकी सुखी ती त्याआधी कधी होती ते तिला आठवलं नाही, आणि त्यानंतरही नाही. ॲप्रनच्या खिशात आवाज बंद केलेला फोन होता. त्यावर अकरा कॉल येऊन गेले होते.

हे सगळं तिला दात न् दात आठवत होतं. पुढचं मात्र धुकटलं होतं. ती धावत घरी पोचली. दार उघडं होतं. मुंगी निळ्या टॉवेलात गुंडाळून सोफ्यावर बसली होती, बाबा तिचे केस पुसत होता, आणि मधोमध त्यांच्याकडेच राहणारी तिची स्वतःची आई उभी होती, कमरेवर हात ठेवून. रखवालदारानं शेवटी घरच्या नंबरावर फोन केला होता आणि तो आईनं उचलला होता. "कोणाचा वार होता आज?" आई विचारत होती. दारात ती एका पायावर उभी होती, दुसऱ्या पायातल्या सँडलचा पट्टा सोडवत. आणि मुंगीचा बाबा, मान वर न करता, म्हणाला, "माझा. माझ्या डोक्यातूनच गेलं."

एक श्वास घेण्याइतकी फट होती. तेवढ्यात बोलता आलं असतं. तिनं पट्टा सोडवला, सँडल बाजूला ठेवली, आणि फट बुजली. मग आईच्या तोंडाचा पट्टा सुटला तो जेवणापर्यंत. नंतर खोलीत ती "अरे, तू उगीच" असं म्हणायला गेली तर तो म्हणाला, "जाऊ दे," आणि कूस बदलून झोपला. आईनं ती गोष्ट मावशीला सांगितली, मावशीनं मामीला, आणि दर वेळी गोष्टीचे कोपरे घासून गुळगुळीत होत गेले. तलाव खोल झाला, ऊन कलतं झालं, पोर थरथर कापायला लागली. तिनंही ती इतक्यांदा ऐकली की एके दिवशी ती तिच्याच तोंडून बाहेर पडली. साल-दीड सालापूर्वी, भलत्याच कशावरून तरी, गॅसवर दूध उतू गेलं त्यावरून, भांडण जुंपलं होतं. "तुला काय सांगायचं! पोरीला तलावावर विसरणारा माणूस तू!" ती बोलून गेली. आणि मोठी नवलाची गोष्ट अशी की त्या क्षणी तिला ते खरं वाटत होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग तो पुढच्या खोलीत जाऊन आपल्या टेबलाशी बसला. तो नकाशे काढायचा, शहराखालच्या गटारांचे आणि पाण्याच्या नळांचे. कुठल्या रस्त्याच्या पोटात काय वाहतंय ते त्याला पाठ होतं. त्या दिवसापासून तो घरात असून नकाशातच राहायला गेला. तीही मग त्याच्यावर कशाचा भरवसा ठेवीनाशी झाली. त्यानं भरलेला डबा उघडून बघायची, मुंगीच्या शाळेच्या पिशवीत पुन्हा हात घालायची, त्याच्याबरोबर मुंगी बाहेर गेली की दर अर्ध्या तासानं फोन करायची. आठ महिन्यांपूर्वी त्यानं नदीपलीकडे दोन खोल्या घेतल्या. जाताना भांडण झालं नाही. टेबल जिन्यातून उतरेना, तेव्हा तिनंच एका बाजूनं धरलं होतं.

मेण गार झालं होतं. तिनं सुरी पुन्हा दिव्यावर धरली. खरंच बुधवार माझा होता का, तिनं स्वतःला विचारलं, आणि गंमत म्हणजे आतून दोन उत्तरं आली, दोन्ही तितकीच खात्रीची.

संध्याकाळी ती मुंगीची नखं कापायला बसली. गॅलरीत, पायरीवर, मुंगीचा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन. आत आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती आणि मधूनच, "लिहिलंय ना ते तलावाचं?" असं ओरडून विचारत होती. "लिहिलंय," ती म्हणाली. मुंगी आता साडेसात वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले, आणि त्या फटीतून जीभ बाहेर काढून ती नेलकटरकडे लक्ष देऊन बघत होती.

"मुंगे, तुला तो तलावावरचा दिवस आठवतो का गं? लहान होतीस तेव्हाचा?"

"कुठला? तू विसरलीस तो?"

नेलकटर अंगठ्याच्या नखावर तसाच राहिला. "तुला कुणी सांगितलं असं?"

"कुणी नाही. सोमवारी बाबा, बुधवारी आई. मला तेव्हा वार येत होते." मुंगीनं दुसरा हात पुढे केला. "रखवालदार काकांनी मला टॉवेल दिला. मग सगळे गेल्यावर पाणी एकदम सपाट झालं. इतकं सपाट, की त्याच्यात खालच्या फरशा मोजता येत होत्या. मी दोनशेपर्यंत मोजल्या. मग बाबा आला. त्याच्या एका पायात बूट होता आणि एका पायात चप्पल."

"घाबरली नाहीस?"

"नाही. शेवटी थोडीशी. फरशा संपल्यावर."

"मग आजीला का नाही सांगितलंस? आईचा वार होता असं?"

"बाबा रिक्षात म्हणाला, आज माझा वार होता असं म्हणूया. आणि मग तूपण तसंच म्हणायला लागलीस." मुंगीनं खांदे उडवले. मोठी माणसं काहीतरी ठरवतात, आपण त्यात कशाला पडा, असे ते खांदे होते.

"आणि आता एखाद्या बाईंनी तुला विचारलं तर? म्हणजे समज, एका खोलीत बोलावून, की त्या दिवशी काय झालं होतं?"

मुंगी आईच्या तोंडाकडे नीट बघत, शाळेत बाईंना विचारावं तशा आवाजात म्हणाली, "तू सांग ना, काय म्हणायचं ते."

उरलेली तीन नखं तिनं कापली. नखांचे तुकडे कागदात गोळा केले. मुंगी उड्या मारत आत गेली. गॅलरीसमोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता, कुणीतरी वाळत घातलेली चादर ओढून आत घेत होतं, आणि तिला वाटलं की आपणही एका खूप सपाट पाण्याच्या कडेला बसलो आहोत आणि तळ अगदी स्पष्ट दिसतो आहे. अज्ञान मुलगी. अडीच वर्षं ती पाच वर्षांची, सहा वर्षांची, सात वर्षांची पोर आजीच्या मांडीवर बसून ती गोष्ट ऐकत आली होती, आणि एकदाही म्हणाली नव्हती की आजी, चुकतंय तुझं. आणि उद्या ती रंगीत खुर्चीवर बसेल, कुणी गोड बाई तिला विचारतील, आणि ती आईसाठी खोटं बोलेल. बाबा बोलला होता तसंच, अगदी सहज. दोघांकडून मिळून पोरीला हेच एक मिळालं असेल, अंगाला बेतून शिवलेलं.

गुरुवारी वकीलबाईंच्या टेबलावर शपथपत्र आणि पेन मांडून ठेवलेलं होतं. तिनं पेनाला हात लावला नाही. "बुधवार माझा होता," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं, म्हाताऱ्या निवेदकासकट. वकीलबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. टेबलाखाली अंगठा थांबला होता.

"हे मला पहिल्या दिवशी सांगायला नको होतं?" शेवटी त्या म्हणाल्या. आवाज चढलेला होता. "शपथेवर खोटं लिहून दिलं असतंत, आणि उलटतपासणीत त्यांनी तलावाची नोंदवही मागवली असती, तर? तुम्ही तर गेलाच असता, पोरही हातची गेली असती, आणि मी इथे तीस वर्षं बसून जे काय मिळवलंय ते..." त्या थांबल्या. पाणी प्यायल्या. मग शिसपेन्सिल घेऊन त्यांनी त्या परिच्छेदावर एक तिरकी रेघ ओढली. "गेला हा."

"मग आता काय राहिलं?"

"भरताड," वकीलबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. हसून झाल्यावर त्यांचा चेहरा जरा मऊ पडला. "ऐक आता." इतके दिवस त्या 'तुम्ही' म्हणत; हे पहिल्यांदाच झालं. "माझं काम तुला जिंकून देणं, असं तुला वाटतं. मलाही तरुणपणी वाटायचं. पण ताबा म्हणजे सातबारा नव्हे, एकाच्या नावावर चढवला की झालं. पोरगी उद्या तापानं फणफणली तर तुला मध्यरात्री फोन करायला कोण आहे? तोच आहे ना? मग त्याच माणसाला दोन रविवारांवर ढकलून तू करणार काय? आपण मध्यस्थीला बसू. अर्धा आठवडा तो मागतोय, बघू तर खरं कसा निभावतो. जमलं नाही तर कोर्टाचं दार पुन्हा उघडतं. मुलांच्या बाबतीत ते कायमचं बंद होत नाही."

मध्यस्थीची खोली महिन्याभरानं मिळाली. लांबट टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. मुंगीचा बाबा समोर बसला होता. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, दातांच्या पट्ट्यातल्या कुठल्या तरी मधल्या छटेचे, आणि ती नकळत ती छटा ओळखायला बघत होती. दिवसांची वाटणी चालली. शाळा कुणाच्या घरून जवळ, सुट्ट्या कशा, दवाखान्याच्या निर्णयांवर दोघांची सही. खर्चाचा वाटा दोघांच्या कमाईच्या मानानं. मधे दोन्ही वकील कसलासा कागद झेरॉक्स करायला बाहेर गेले, मध्यस्थ फोन घ्यायला उठला, आणि ती दोघंच उरली. एकेकाळी या माणसाच्या शेजारी ती वर्षानुवर्षं झोपली होती, आणि आता मधल्या टेबलाच्या रुंदीचं काय करायचं ते तिला कळेना.

"बुधवार माझा होता," ती म्हणाली. "अर्जात लिहिलं होतं तुझा म्हणून. काढून टाकलं."

"मला माहीत आहे माझा नव्हता."

"मग का म्हणालास? माझ्यासाठी?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि हसल्यासारखं केलं. "तुझ्या आईचा आवाज ऐकवेना मला. म्हटलं, घेऊ आपल्या अंगावर, दहा मिनिटांत विषय संपेल. एवढा काही थोर विचार नव्हता त्यात." तिलाही हसू आलं. इतक्या दिवसांत ती त्याला संत करून बसली होती आणि हा आपला माणूसच निघाला. मग त्याचं हसू विरलं. "पण नंतर तूच माझ्याकडे तसं बघायला लागलीस. ते दूध उतू गेलं त्या दिवशी. मला वाटलं थट्टा करतेस. मग कळलं, हिला खरंच वाटतंय. आता हिला काय सांगणार? आपण म्हटलेलं परत कसं घ्यायचं? कुठून धरून ओढायचं ते?"

"सांगायचं होतंस."

"सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "तूही."

वकील परत आले. झेरॉक्सचे कागद अजून कोमट होते. दोघांनी सह्या केल्या. ते बोलणं झालं म्हणून काही जुळून आलं नाही. तसं होत नसतं, आणि दोघांपैकी कुणाला ते हवंही नव्हतं. फक्त पाठीतून कुणीतरी एक टाचणी काढून घ्यावी तसं तिला झालं, इतके दिवस ती तिथे होती हेसुद्धा तिला तेव्हाच कळलं.

आईला सांगणं त्याहून अवघड गेलं. आई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "अर्धा आठवडा? त्या माणसाकडे? आणि तू सही करून आलीस?" मग तिनं बुधवारचं सांगितलं. आईच्या हातात उशीचा अभ्रा होता. तिनं त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"मी चार घरी सांगितलंय ते," शेवटी आई म्हणाली.

"हो."

"आता चार घरी परत जाऊन काय सांगू? की चुकले होते?"

"नको जाऊस."

"तुला बरं आहे," आई म्हणाली, आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. मुंगीमार्फत निरोप येत. आजी म्हणते मीठ संपलंय. आजी म्हणते पंखा बंद कर.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी दोघांना एकेकदा विचारलं, कुणाच्या दबावाखाली नाही ना. दोघंही नाही म्हणाली. लग्न मोडायला लग्न लागण्यापेक्षाही कमी वेळ लागला. बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईंनी तिच्या दंडाला धरलं, म्हणजे आधार तिनं द्यायचा होता, त्यांचे पाय दुखत होते. "आता चार दिवस तुला काही कळणार नाही," त्या एकेक पायरी उतरत म्हणाल्या. "नुसती काम कर आणि झोप. माझी फी नंतर बघू."

पहिला शनिवार आला. चार वाजता मुंगीचा बाबा खाली येऊन उभा राहिला. गेले कित्येक महिने तो वर येत नसे. मुंगीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तेवढ्यात आई खिडकीशी गेली, खाली वाकून बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलली. "त्याला वर बोलाव."

"आई, कशाला?"

"बोलाव म्हटलं ना."

तो वर आला आणि दाराच्या आत एक पाऊल टाकून थांबला. आई खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. "तुला आता काय म्हणून हाक मारायची तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "जावई म्हणता येत नाही."

"नावानं मारा."

"अडीच वर्षं मी तुझं नाव घेतलं ते सगळं वाईटच घेतलं." आईचा आवाज नेहमीसारखाच कडक होता, तिच्याकडे दुसरा आवाज नव्हताच. "तू तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही बोलू दिलं असतंत का?"

आईनं जरा विचार केला. "नसतं दिलं," ती म्हणाली. मग उठली, आत गेली, आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. तो बसला. चहा प्याला. बोलणं फारसं झालं नाही. छताला ओल आली आहे, ती वरच्या मजल्याच्या नळातून येते की गच्चीवरून, यावर त्यानं भिंतीला हात लावून आपलं मत दिलं, आणि आईनं ते ऐकून घेतलं. मग मुंगीनं पिशवी उचलली, आजीचा आणि आईचा असे दोन मुके घाईघाईनं उरकले, आणि दोघं जिना उतरून गेली. मुंगी काहीतरी सांगत होती, न थांबता. तो आवाज एका मजल्यानं खाली गेला, आणखी एका मजल्यानं, आणि मग रस्त्याच्या आवाजात कधी मिसळला ते कळलं नाही.

आई भाजी आणायला बाहेर पडली. घरात कुणी नव्हतं. ती मुंगीच्या खोलीत गेली, कशाला आलो ते आठवेना म्हणून तिथेच उभी राहिली, आणि जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या चौकोनात, काही न अंथरता, आडवी झाली. फरशी कोमट होती. तिला वाटलं, आपण रडू. त्याऐवजी तिला झोप लागली, लहान मुलाला लागते तशी, एकदम. झोपेत कुठलंसं मोठं घर होतं, त्याला खूप दारं होती आणि सगळी उघडी होती, आणि प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी आपापल्या कामात होतं, आणि कुणीच तिची वाट बघत नव्हतं. त्यात दुःख नव्हतं. ती खोल्यांमधून नुसती चालत होती.

फोन वाजला तेव्हा ऊन गेलेलं होतं, खोली निळसर झाली होती, आणि आज कुठला वार आहे, सकाळ आहे की संध्याकाळ, हे क्षणभर तिला सांगता आलं नसतं. गालावर फरशीची रेघ उमटली होती.

"आई? तू झोपली होतीस?" मुंगी होती.

"हो गं."

"दुपारची?" मुंगीला फार आश्चर्य वाटलं. पलीकडे तिनं बाबाला ते सांगितलंही, फोनवर हात ठेवून, मोठ्यानं: आई झोपली होती. मग पुन्हा फोनवर आली आणि एकदम हळू आवाजात, पांघरूण सारखं करावं तसं, म्हणाली, "बरं, मग झोप तू. आम्ही पोचलो, एवढंच सांगायचं होतं."